चिखलावरची साय

ताओ मेइजू पुढे चालते.
चिखल तिला ओळखतो, मला गिळतो.
जिआंग्सूच्या या किनाऱ्यावर ओहोटी
मैलोन् मैल मागे जायची म्हणे.
आता कुठवर जाते ते दिसतच नाही.
गवत आड येतं.

डोक्याहून उंच. पात्यांवर मिठाचे कण,
बाही कोपरापर्यंत चिरत नेणाऱ्या कडा.
"हे आम्ही लावलंय," ती मागे न वळता सांगते.
"मी सोळाची होते. ब्रिगेडचा माणूस
टोपल्यांतून रोपं घेऊन आला. म्हणाला,
समुद्र जमीन खातोय, हे त्याला धरून ठेवील.
बायकांना दिवसाचे सात गुण, पुरुषांना दहा.
भातासारखं लावलं, ओळीत,
वाकून वाकून."

गवतानं शब्द पाळला.
समुद्राला धरलं, गाळाला धरलं,
मग हाताला लागेल ते धरत सुटलं.

माझ्या पिशवीत कुप्या, चिमटे, बर्फाचा डबा.
कोण कोणाला खातं, हे लिहून ठेवायचा
मला पगार मिळतो.

उघड्या चिखलावर पूर्वी साय धरायची.
सोनेरी-तपकिरी, बोट फिरवलं तर निसटणारी,
डोळ्यांना न दिसणाऱ्या काचेच्या डब्यांत
साठवलेलं ऊन.
गोगलगाई ती चाटत. निवट्या चाटत,
दूध नको म्हणणाऱ्या पोरासारखी
मान इकडून तिकडे हलवत.
भरती तीच साय ढवळून
शिंपल्यांच्या तोंडी लावायची,
आणि उत्तरेला निघालेले तुतवार
इथे उतरून आठ-पंधरा दिवस
नुसते खायचे. पुढे थांबा नव्हता.

गवताखाली सावली आहे.
सायीला ऊन नाही.
मुळांच्या जाळ्यात शिंपल्याला
कूस बदलायला जागा नाही.

पण ओसाड झालं असं लिहिता येत नाही मला.
इथे खेकडे आहेत, पुष्कळ.
कुजलेल्या पात्यांवर पोसलेले किडे आहेत,
त्यांच्यावर टपलेले कोळी आहेत.
पंगत उठलेली नाही.
पानावर बसलेले बदललेत, एवढंच.
आणि ज्यांची पानं उचलली गेली
ते काही भांडायला येत नाहीत.
एखाद्या वैशाखात ते फक्त
येत नाहीत.

मागच्या वर्षी यंत्रानं कापलेल्या पट्ट्यावर
मेइजू थांबते. खुंट, काळं पाणी,
सडक्या अंड्याचा वास.
दाताळं टेकवून ती चिमूटभर चिखल उचलते,
जिभेवर ठेवते, थुंकते.
"अजून गवतच."
माझ्या यंत्राला हेच कळायला
नऊ दिवस लागतात.

ते असं: या गवतातला कार्बन
सायीतल्याहून केसभर जड असतो.
जो जे खातो, त्याचं वजन त्याच्या मांसात उतरतं.
खेकड्याची नांगी वाळवून, कुटून, जाळून
मी विचारू शकते, काल कुठे जेवलास?

"माणसालाही विचारता येतं?"
येतं, मी म्हणते. केसांतून.
ती हातमोजा दातांनी ओढते,
टोपीखालून एक पांढरा केस उपटते.
"विचार मग. चाळीस वर्षं
या चिखलातलंच खाल्लंय."

मला सांगावं लागतं, नीट निघणार नाही.
मक्याचं वजनही असंच येतं.
यंत्राला मका आणि हे गवत
वेगळं करता येत नाही.

ती हसते. खोकला येईपर्यंत हसते.
"मका! लहानपणी दुसरं होतं काय?
सकाळी मक्याची पेज, रात्री मक्याची पेज,
आणि मधल्या वेळात हे गवत लावायचं."

भरती लागते. पाण्याआधी आवाज येतो,
पात्यांतून, कोणीतरी कागद चुरगाळावा तसा.
टोपलीत अकरा शिंपले. त्यातला एक बारकासा
ती परत ठेवते, त्या कापलेल्या पट्ट्यावर,
आणि टाचेनं वर चिखल ओढते.

केस मी कुपीत घातला.
चिठ्ठीवर नाव लिहिलं, तारीख, ठिकाण.
"आहार" या रकान्यापाशी
पेन्सिल बराच वेळ ओली होत राहिली.